डाव्या गुडघ्यातले दोन डाग

दादाचा फोन आला तेव्हा मी एका विणकराच्या खांद्याचा एमआरआय वाचत होते. दादा कामाच्या वेळी कधी फोन करत नाही, म्हणून उचलला. भाचा पडला होता. आज नव्हे, चार-पाच दिवस झाले होते. संकठा घाटाच्या पायरीवर पाय घसरला, डावा गुडघा दगडावर आपटला, तासाभरात आलेली सूज अजून उतरत नव्हती. एक्स-रे काढून झाला होता आणि त्यात काही निघालं नव्हतं. हाडांच्या डॉक्टरांनी आतलं लिगामेंट फाटल्याचा संशय घेऊन एमआरआय लिहून दिला होता. वहिनीचा हळदीचा लेप चालू होता. अखाड्यातले एक पहिलवान हाडं बसवतात, त्यांना दुसऱ्या दिवशी घरी बोलावलं होतं.

"पहिलवानांना येऊ देऊ नकोस," मी म्हटलं. "आणि इतके दिवस काय करत होतात?"

"मोच आहे, नुसता मुरगळला असं वाटलं," दादा म्हणाला. "आणि तू बिझी असतेस."

घरात डॉक्टर असली की तिला सगळ्यांच्या शेवटी विचारायचं, हा आमच्याकडचा रिवाज. आधी हळद, मग शेजारी, मग पहिलवान, मग मी. मी रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे औषध देत नाही, नुसते फोटो बघते, हेही एक कारण असावं. आई होती तेव्हा लोकांना सांगायची, मुलगी डॉक्टर आहे, पण अंधारात बसते.

आमचं कुटुंब काही पिढ्यांपासून काशीतलं. दादा महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करतो. घरात आम्ही मराठी बोलतो, तीत निम्मी हिंदी असते, आणि पुण्याचे यात्रेकरू ती ऐकून गालातल्या गालात हसतात. भाचा लहानपणीच वेदपाठशाळेत गेला आणि तिथे रमला. मिसरूड फुटायच्या आत त्याची संहिता पाठ झाली, मग पद, मग क्रम, आणि आता घन. घन म्हणजे मंत्रातले शब्द सरळ, उलटे, पुन्हा सरळ असे गुंफून म्हणायचे. चूक लपत नाही त्यात, आणि म्हणूनच तसं म्हणतात, असं तो मला सांगायचा.

येत्या कार्तिकात तो एकटा, पोथी समोर न ठेवता, सगळा वेद घनाने म्हणणार होता. कित्येक आठवडे चालणारं काम. त्याआधी गुरुजी तसंच एक सराव पारायण करून घेतात आणि नियम तेच लावतात. एकदा आसनावर बसलं की त्या दिवसाचा पाठ संपेपर्यंत आसन मोडायचं नाही. आसन मोडलं तर पारायण मोडलं. आणि ज्याचं सराव पारायण मोडलं तो कार्तिकात बसत नाही. यात गुरुजींनी कधी कोणाला सूट दिलेली मला ठाऊक नाही. भाचा पडला तो सराव पारायणाच्या शेवटच्या दिवशी, पाठ संपवून संध्येला घाटावर गेला तेव्हा. पारायण पूर्ण झालं आहे, हे दादाने मला फोनवर दोनदा सांगितलं.

श्रावण संपत आला होता. गंगा चढलेली, खालच्या पायऱ्या पाण्यात, वरच्या गाळाने बरबटलेल्या. कोणीही घसरावं असे दिवस. त्यामुळे कसा पडलास, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा त्याला घेऊन सिगऱ्याला आमच्या सेंटरवर आला. मी आधी जुना एक्स-रे खिडकीकडे धरला. या शहरात गुडघ्याचा एक्स-रे म्हणजे समोरून एक आणि बाजूने एक. मोडलेलं हाड दिसायला तेवढं पुरतं. पण गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणीत नीट बसली आहे की नाही, हे बघायचं तर तिसरा काढावा लागतो. गुडघा थोडा दुमडायचा, किरण असा सोडायचा की वाटी आणि खोबण एकमेकांसमोर येतात, एखाद्या दरीवर ढग टेकावा तशी वाटी दिसते. तो कोणी काढला नव्हता, कारण वाटीचा संशय कोणाला आला नव्हता. मला आला, कारण सूज. नुसत्या आपटण्याने गुडघा असा तासाभरात टरारून येत नाही. आत रक्त साचलं की येतो.

फोटो काढताना भाच्याने उपरण्याचं टोक दातात धरलं, आवाज केला नाही. फोटोत वाटी किंचित बाहेरच्या बाजूला कललेली होती आणि तिच्याखालची खोबण उथळ होती. मी उजव्याचाही काढला. तिथेही उथळ. म्हणजे ही जन्माची घडण. अशा खोबणीतून वाटी बाहेर निसटायला फार मोठं निमित्त लागत नाही.

"वाटी सरकली होती का रे? बाजूला गेल्यासारखी दिसली होती?" मी विचारलं.

"नाही, आत्या. पडलो, आपटलो, बस."

तो खोटं बोलताना डोळे खाली करत नाही. समोर बघून, स्पष्ट उच्चार करून बोलतो. शिकवणच तशी आहे.

एमआरआयच्या खोलीत शिरण्याआधी आमचा टेक्निशियन सगळ्यांना विचारतो तसं त्यालाही विचारलं, अंगावर लोखंड, धातू काही? भाचा म्हणाला, काही नाही. अंगठी काढून दादाकडे दिली होती, गळ्यातली माळ काढली होती. टेक्निशियनने तरी खांद्यावरून, कमरेवरून हात फिरवला आणि जानव्याला गाठ मारून बांधलेली किल्ली बाहेर काढली. पाठशाळेतल्या ट्रंकेची, चांगली बोटभर लांब, लोखंडाची. पाठशाळेत सगळे विद्यार्थी किल्ली जानव्यालाच बांधतात, कारण तेवढं एकच कधी अंगावरून उतरत नाही.

"पंडितजी, ये क्या है?" टेक्निशियन म्हणाला. "ये लेके अंदर जाते तो मशीन इसे खींच लेती, और आपको भी."

भाचा खरोखर गोंधळला. त्याला ती किल्ली वस्तू वाटतच नव्हती. जानव्याचाच भाग होती ती. मी बाहेर काचेपलीकडे उभी होते, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की या मुलाला प्रश्न विचारायची माझी पद्धत चुकते आहे. जे तो मोजत नाही, ते तो सांगत नाही.

मशीन ठकठक करू लागलं. एरवी मी या वेळात दुसरे रिपोर्ट बोलून घेते. त्या दिवशी खुर्चीवर बसवेना. कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारल्या, चहा सांगितला, न पिता ठेवला, दादाला उगाच विचारलं की गाडी कुठे लावली आहे. तो रिक्षाने आला होता.

चित्रं पडद्यावर आली. आधी ज्या लिगामेंटचा संशय होता ते बघितलं. ते गुडघ्याच्या मध्यात तिरकं, काळ्या पट्ट्यासारखं दिसतं. अखंड होतं. गादीसारख्या दोन चकत्या असतात, त्याही ठीक. मग वाटी. हाडाला आतून मार बसला की एमआरआयमध्ये तिथे पांढुरका डाग उमटतो. दगडावर गुडघा आपटला असता तर वाटीच्या पुढच्या बाजूला डाग हवा होता, वरच्या कातडीखाली सूज हवी होती. तिथे काही नव्हतं. डाग होते दोन आणि दोन्ही भलत्या ठिकाणी. एक वाटीच्या आतल्या कडेला. दुसरा मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर. एकमेकांपासून दूर, एकमेकांना कधी भेटू नयेत अशा जागी. ते भेटतात एकाच वेळी. वाटी खोबण सोडून पार बाहेर जाते आणि परत येताना तिची आतली कड त्या उंचवट्यावर आदळते. वाटीला आतल्या बाजूने धरून ठेवणारं एक पातळ लिगामेंट असतं. तेही वाटीजवळ फाटलेलं होतं, चिंध्या पाण्यात तरंगाव्या तसं दिसत होतं.

तो पडला असेल. पण गुडघा दुखावला तो आपटून नव्हे. पाय रोवलेला, अंग वळलेलं आणि गुडघा जेमतेम दुमडलेला असताना हे होतं.

घरच्या माणसाचा रिपोर्ट मी एकटी लिहीत नाही. आपलं माणूस असलं की आपण नको ते शोधतो किंवा हवं ते बघतो. माझ्याबरोबर काम करणारे एक डॉक्टर आहेत, वयाने लहान, बोलायला फटकळ. त्यांना मी नाव, वय, हकीकत काही न सांगता नुसती चित्रं दिली. त्यांनी चहाचा कप हातात धरूनच पाहिली.

"वाटी बाहेर जाऊन परत आली आहे," ते म्हणाले. "कोण आहे, फुटबॉलवाला?"

"नाही. बसून काम करणारा."

"मग बसून काय करतो?"

त्यांनी आणखी दोन-चार चित्रं पुढे-मागे केली आणि एका जागी थांबले. सांध्याच्या बाहेरच्या कप्प्यात, साचलेल्या रक्तात, एक छोटा काळा ठिपका होता. मलाही तो दिसला होता. मी त्याच्यावरून दोनदा पुढे गेले होते.

तो ठिपका हाडाचा किंवा त्यावरच्या गुळगुळीत कूर्चेचा सुटलेला तुकडा असेल, तर ऑपरेशन. तुकडा सांध्यात फिरत राहतो, मध्येच अडकतो, गुडघा खराब करतो. रक्ताची गुठळी असेल तर आपोआप विरघळते. तुकडा सुटला असेल तर कुठून तरी सुटला असणार, तिथे खड्डा हवा. आम्ही दोघांनी वाटीचा आणि मांडीच्या हाडाचा पृष्ठभाग इंच इंच बघितला. खड्डा सापडला नाही. पण खड्डा सापडला नाही म्हणजे नाहीच, असं म्हणण्याइतकी चित्रं स्वच्छ नव्हती. त्यांनी रिपोर्टात लिहिलं, काही आठवड्यांनी पुन्हा एमआरआय करावा. मी असते तर तेच लिहिलं असतं, आणि तरी मला त्यांचा राग आला.

दादाला मी औषधं आणायला पाठवलं आणि भाच्याला माझ्या खोलीत बोलावलं. तो आला, पाय स्टुलावर ठेवला.

"तू गुडघ्यावर आपटला नाहीस."

"आपटलो, आत्या."

"घाटावर पडला असशील. पण ते नंतर. त्याआधी काय झालं?"

मी पडदा त्याच्याकडे वळवला आणि दोन डाग दाखवले. हा इथला, हा तिथला, आणि वाटी इथून इथपर्यंत गेल्याशिवाय हे दोन्ही होत नाहीत. तो बराच वेळ बघत राहिला. मग बोटाने हवेतच वाटीचा रस्ता काढला, आधी जातानाचा, मग येतानाचा.

"उलटं वाचता येतं तर," तो म्हणाला.

आणि मग त्याने सांगितलं. शेवटच्या दिवसाचा पाठ संपायला थोडं उरलं होतं. गुरुजी समोर बसून ऐकत होते, ते मध्येच लघुशंकेला उठून गेले. ऐकणाऱ्याला उठता येतं, म्हणणाऱ्याला नाही. त्यांचा चष्मा चौरंगावर राहिला. खिडकीतून बंदर आला. आमच्या गल्लीतली माकडं चष्मे नेतात आणि केळं दिल्याशिवाय परत करत नाहीत, हे शेंबडं पोरही जाणतं. गुरुजींना त्या चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि तो नवीन होता. भाचा मांडी सोडून अर्धवट उठला, डावा पाय खाली टेकवला आणि खिडकीकडे वळला. पाय बधिर झालेला होता. गुडघा गेला. खाली बघितलं तर वाटी बाहेरच्या बाजूला, जिथे ती नसते तिथे, फुगवट्यासारखी. बंदर घाबरून पळाला, चष्मा तिथेच राहिला. सोवळ्यात होता म्हणून कोणाला हाक मारून हात लावू देता येत नव्हता, आणि हाक मारायला होतंही कोण? त्याने दोन्ही हातांनी पाय हळूहळू सरळ केला. टक् असा आवाज होऊन वाटी आत आली. मग त्याने पुन्हा मांडी घातली आणि जिथे सोडलं होतं तिथून म्हणायला लागला. गुरुजी परत आले तेव्हा तो आसनावर होता.

"मांडी घालून? त्या गुडघ्याने?"

"तेव्हा सूज नव्हती. नंतर आली."

पाठ संपल्यावर तो भिंत धरत घाटावर गेला. तिथे खरंच पडला, गुडघ्याने दगा दिला म्हणून. नावेवरच्या दोन मल्लाहांनी उचलून वर आणलं. ते सगळ्यांनी पाहिलं, आणि पाहिलेली गोष्ट तयारच होती, तर त्याने तीच ठेवली.

"आत्या, रिपोर्टात कसं पडलो ते लिहितात का?"

"काय झालं ते लिहितात. चष्मा कोणाचा होता ते नाही."

"मग गुरुजींना कळणार नाही."

"माझ्याकडून नाही. हाडांच्या डॉक्टरांना मात्र जसं झालं तसं सांगायचं, पाय कसा रोवला आणि कसा वळलास ते. त्यांना तुझ्या आसनाशी घेणं नाही. बाकी तुझं तू बघ."

त्याने मान हलवली. ती हो म्हणून की नुसतीच, मला कळलं नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी सगळं ऐकलं, चित्रं बघितली आणि पट्टा दिला. काही आठवडे पाय सरळ, मग हळूहळू व्यायाम. ठिपका दुसऱ्या स्कॅनमध्येही दिसला तर दुर्बिणीतून आत जाऊन काढायचा. विरघळला तर ऑपरेशन आत्ता नको. कार्तिकाचं विचारलं तर म्हणाले, ठिपक्याला विचारा.

घरी दादा रिपोर्ट घेऊन बसला. वाटी निखळली म्हणजे काय, दगडावर पडल्यावर निखळते का, असं त्याने मला विचारलं. निखळते, एवढंच मी म्हटलं. उत्तर खोटं नव्हतं, पण मला ते आवडलं नाही, म्हणून मी विषय बदलायला सगळ्यांना गुडघे दाखवायला लावले. दादाला पाय सरळ आणि सैल सोडायला सांगितला आणि त्याची वाटी बोटाने बाहेर ढकलली. ती इतकी सरकली की वहिनीने तोंडावर पदर घेतला. मग गुडघा पुरता दुमडायला सांगितला. आता वाटी खोबणीत खोल गेली, हलेना.

"मांडी घातलेली असते तेव्हा वाटी पक्की बसलेली असते," मी म्हटलं. "बसल्याने काही होत नाही. घोटाळा उठताना होतो, पाय जवळपास सरळ होतो तेव्हा. त्यात वळलं की संपलं. दादा, तू उठताना नेहमी भिंत का धरतोस?"

"आमच्याकडे सगळे असेच उठतात," दादा म्हणाला. "आजोबा धरायचे. तू पण धरतेस."

मी धरते, हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेशंट यायच्या आधी टेक्निशियनला सांगून मी माझ्या गुडघ्यांचा तो तिसरा फोटो काढून घेतला. तशीच उथळ खोबण, दोन्हीकडे. फोटो ड्रॉवरमध्ये टाकला.

वहिनीचा प्रश्न साधा होता. ती म्हणाली, खुर्चीवर बसून म्हटलं तर नाही का चालणार? दादाने तिच्याकडे असं बघितलं जणू ती म्हणाली होती, चपला घालून म्हण. भाचा पट्टा बांधलेला पाय समोर पसरून, ओठ हलवत, आतल्या आत पाठ करत होता. पाय कसाही असला तरी रोजची आवृत्ती चुकवायची नाही, एवढं त्याने ठरवलेलं दिसत होतं.

मधले आठवडे माझे वाईट गेले. दोन पेशंटांच्या मध्ये मोकळा वेळ मिळाला की मी ती चित्रं उघडायची. ठिपका. खड्डा नाही. पुन्हा ठिपका. एकदा वाटलं, वाटीच्या खालच्या टोकाला कूर्चा जरा पातळ आहे. एकदा वाटलं, नाही. आमचे फटकळ डॉक्टर एकदा मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, मॅडम, रोज बघून तो ठिपका विरघळणार नाही. त्यांचं खरं होतं. मी बंद केलं आणि संध्याकाळी घरी जाताना भाजीवाल्या बाईला उठताना बघत उभी राहिले. ती उजवा हात टोपलीवर टेकवून, आधी गुडघ्यांवर येऊन, मग सरळ पुढे उठली. वळली नाही. छान उठतेस, असं मी तिला म्हणणार होते, पण ती मला वेडी समजली असती.

सकाळी फिरायला मी मुन्शी घाटाकडे जायची. तिथून वर, गल्लीतून परत. पाणी उतरत होतं, माणसं फावड्यांनी आणि पाण्याच्या पाइपांनी पायऱ्यांवरचा गाळ धुऊन काढत होती. सगळीकडे माणसं बसलेली आणि उठत असलेली. मला एरवी ती दिसत नाहीत. त्या दिवसांत तेवढीच दिसायची.

दुसऱ्या स्कॅनला भाचा एकटा आला, काठी घेऊन. किल्ली त्याने आधीच सोडून पिशवीत ठेवली होती आणि टेक्निशियनला ती स्वतःहून दाखवली. मी काचेपलीकडे उभी राहिले नाही. आमच्या डॉक्टरांना आधी बघायला सांगितलं आणि बाहेर जाऊन गेटवरच्या माणसाशी जनरेटरच्या आवाजावरून भांडले. ते बाहेर आले आणि म्हणाले, "गुठळी होती. गेली."

मी आत जाऊन स्वतः बघितलं. रक्त ओसरलं होतं, ठिपका नव्हता. दोन्ही डाग फिके होत होते. फाटलेलं लिगामेंट जाडसर होऊन जागेवर चिकटत होतं. भाच्याला सांगितलं. तो खूश होईल असं मला वाटलं होतं.

"म्हणजे ऑपरेशन नाही," तो म्हणाला.

"नाही. व्यायाम नीट केलास तर कार्तिकात बसता येईल असं डॉक्टर कदाचित म्हणतील. कदाचित."

तो स्टुलावरचा पाय बघत राहिला. "ऑपरेशन लागलं असतं तर कार्तिक आपोआप गेला असता," तो म्हणाला. "आता माझ्यावर आलं."

समजावण्यासारखं त्यात काही नव्हतं. गुडघ्याचं माझं काम संपलं होतं.

"गुरुजी घरी असतील आत्ता?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत? चल, सोडते."

मी त्याला गाडीने जाता येईल तिथपर्यंत नेलं आणि पुढे गल्लीतून त्याच्या काठीच्या वेगाने चालले. गुरुजी ओसरीवर बसले होते. मला पाहून त्यांनी बसायला सांगितलं, मी उभीच राहिले. भाच्याने नमस्कार करून सगळं सांगितलं, चष्मा, खिडकी, अर्धवट उठणं, पुन्हा बसणं. गुरुजींनी मध्ये एकदाही टोकलं नाही. मग विचारलं, कुठल्या पदावर सोडलं होतं? भाच्याने पद सांगितलं. पुन्हा बसल्यावर कुठून धरलं? तिथूनच, भाचा म्हणाला. गुरुजींनी चष्मा काढून उपरण्याने पुसला.

"माघात पहिल्यापासून," ते म्हणाले. "कार्तिकाला दुसरा मुलगा बसेल."

भाचा हो म्हणाला. बस, इतकंच. मला वाटलं होतं मी काहीतरी बोलेन, निदान चष्म्याचं. पण मनात हिशेब आधीच झाला होता. गुडघा पुरता भरायला जितके महिने हवे होते तितके गुरुजींनी एका वाक्यात दिले होते, आणि त्यासाठी मला कोणाशी भांडावं लागलं नव्हतं. मी निघाले तेव्हा गुरुजींनी मला हाक मारली.

"बाई, बसायचं मी याला शिकवलं आहे. उठायचं तुम्ही शिकवा."

घरी वहिनी गुरुजींवर चिडली, मग माकडावर, मग माझ्यावर, की मी त्याला तिथे नेलंच का. दादा दोन दिवस बोलला नाही. यात्रेकरूंना त्याने कार्तिकाचं सांगून ठेवलं होतं, काही जण मुद्दाम तिकीट काढून येणार होते. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, पाठ चुकला नव्हता ना रे? भाचा म्हणाला, नाही. मग दादाने जेवायला घेतलं.

उठण्याची शिकवणी दादाच्या पुढच्या खोलीत चालायची, सतरंजीवर. आधी मांडी सोडायची, पाय चोळायचे, बधिरपणा जाईपर्यंत थांबायचं. मग दोन्ही हात पुढे टेकवायचे, गुडघ्यांवर यायचं, एक पाऊल पुढे, सरळ उभं. उभं राहिल्यावर मग कुठे वळायचं ते वळा. रांगणाऱ्या बाळासारखं दिसतं, असं भाचा म्हणाला. दिसू दे, मी म्हटलं. मांडीचे स्नायू भरावेत म्हणून मी त्याच्या पावलाला वाळूची पिशवी बांधून पाय उचलायला लावायची, आणि तो पाय उचलताना घन म्हणायचा, त्यामुळे मला मोजावं लागायचं नाही. काही दिवसांनी दादाही शेजारी सतरंजीवर बसला.

माघात सराव पारायण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मी अर्धी रजा टाकून एका सकाळी गेले. थंडी होती, खिडकी तरीही उघडी होती, कारण बंद केली की गुरुजींना गुदमरतं. चष्म्याला आता दोरी लावून तो त्यांच्या गळ्यात होता. भाचा म्हणत होता. मला त्यातलं काही कळत नाही, शब्द जातात आणि परत येतात एवढं कळतं. मी मागे चटईवर बसले होते आणि त्याच्या डाव्या गुडघ्याकडे बघत होते, तो वाटी आत धरून होता.

बंदर खिडकीच्या कठड्यावर आला. मोठा, एक कान फाटलेला. त्याने चौरंगावरच्या केळ्यांकडे बघितलं, गुरुजींकडे बघितलं, मग भाच्याकडे. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. भाच्याचे डोळे उघडे होते. त्याला तो दिसला, हे मला दिसलं. आवाज होता तसाच राहिला, शब्द पुढे गेले, मागे आले, पुन्हा पुढे गेले. गुडघा जमिनीवरून तसूभर उचलला नाही.

माझ्याने राहवलं नाही. मी हात पुढे टेकवले, गुडघ्यांवर आले, एक पाऊल पुढे घेतलं आणि सरळ उभी राहिले. वळले नाही. तोपर्यंत बंदर केळ्यांचा घड घेऊन गेला होता. भाचा म्हणत होता.